‘खूप शिकायला मिळाले’च्या पुढे: ऑनलाइन भाषाविनिमयावर विद्यार्थ्यांकडून चिंतन कसे लिहून घ्यावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुंबईच्या उपनगरातील एका महाविद्यालयात जर्मन शिकवणाऱ्या तरुण सहकाऱ्याच्या चोवीस विद्यार्थ्यांनी जर्मनीतील एका विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांबरोबर आठ आठवडे ऑनलाइन भाषाविनिमय केला. आठवड्यातून एकदा व्हिडिओवर तासभर गप्पा, त्यातला अर्धा वेळ जर्मनमध्ये आणि अर्धा हिंदीत किंवा मराठीत, शिवाय मधल्या दिवसांत संदेशांची देवाणघेवाण. शेवटी प्रत्येकाने या अनुभवावर चिंतनपर लेख लिहायचा होता आणि चोवीसही लेख जवळजवळ सारखेच निघाले: खूप शिकायला मिळाले, जर्मन लोक वेळेचे पक्के असतात, भारतीय लोक मनमोकळे असतात, दोन्ही संस्कृतींत पुष्कळ साम्य आहे. विद्यार्थी खोटे लिहीत आहेत का, चिंतन शिकवता येते का आणि त्याला गुण द्यायचे तरी कशाच्या आधारावर, असे सहकाऱ्याने विचारले आहे.

विद्यार्थी खोटे लिहीत नाहीत. त्यांना जे विचारले गेले त्याचेच उत्तर त्यांनी दिले आहे. ‘या उपक्रमातून तुम्ही काय शिकलात?’ असे आठ आठवडे संपल्यावर विचारले की उत्तर निष्कर्षाच्याच रूपात येणार, आणि निष्कर्ष लिहिण्याची सवय आपल्या मुलांना शाळेतल्या निबंधांनी लावलेली असते. सहलीवर लिहिताना बस पंक्चर झाल्याचा उल्लेख टाळायचा आणि निसर्गसौंदर्यावर शेवट करायचा, हे कोणी न सांगता सगळ्यांना कळते. मी वीसेक वर्षे मुंबईत जर्मन शिकवते आहे, आणि पहिल्या दोन भाषाविनिमयांच्या वेळी मीही हाच प्रश्न विचारून हेच लेख पदरात पाडून घेतले होते. आता मी एकच गोष्ट धरून चालते: संभाषण जिथे अडखळले त्या एका क्षणावर लिहायला लावायचे. बस जिथे पंक्चर झाली तिथून.

हे मला कळले ते घड्याळामुळे. आमची भेट दर मंगळवारी जर्मनीच्या वेळेनुसार दुपारी चार वाजता, म्हणजे आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला ठरलेली होती. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जर्मनीतील घड्याळे एक तास मागे घेतली जातात. आपल्या आणि जर्मनीच्या वेळेतले अंतर त्या दिवशी साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जाते. पुढच्या मंगळवारी त्यांच्याकडे चार वाजले तेव्हा आपल्याकडे साडेआठ झाले होते. दोन्हीकडच्या शिक्षकांपैकी कोणीच याची आधी आठवण दिली नाही, आणि त्यातला अर्धा दोष माझा आहे. माझे विद्यार्थी साडेसातला बसले, रिकाम्या पडद्याकडे पाहत राहिले, काही जण कंटाळून उठले. नंतरच्या लेखांत या एका तासाबद्दल दोन मते आली. एकाने लिहिले की जर्मन लोक वेळेचे पक्के असतात हा निव्वळ गैरसमज आहे. दुसरीने लिहिले की जर्मन लोक वेळेचे इतके पक्के असतात की चूक आमचीच असणार, आणि आम्हा भारतीयांच्या सवयीचा त्यांना राग आला असणार. घटना एकच, निष्कर्ष परस्परविरोधी, आणि दोन्ही एका अख्ख्या राष्ट्राच्या स्वभावाबद्दलचे. घड्याळाकडे मात्र कोणीही पाहिले नव्हते. (सकाळच्या ८.१२च्या लोकलसाठी ८.१०ला फलाटावर नेमक्या डब्याच्या जागी उभी राहणारी ही मुले स्वतःला वेळेबाबत बेशिस्त का समजतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.)

त्यानंतर मी पद्धत बदलली. प्रत्येक भेटीनंतर त्याच रात्री पंधराएक ओळींची नोंद हाताने लिहायची. वहीचे पान मधोमध दुमडायचे. डावीकडे कॅमेऱ्याने टिपले असते तेवढेच लिहायचे: कोण काय बोलले, कोणत्या शब्दांत, मध्ये किती वेळ शांतता होती. उजवीकडे त्या वेळी मनात काय आले ते. ‘तो तुटकपणे बोलला’ हे वाक्य डावीकडे चालत नाही, कारण तुटकपणा कॅमेऱ्यात उमटत नाही. ‘तो फक्त हो म्हणाला आणि मी पुढचा प्रश्न विचारेपर्यंत गप्प होता’ हे चालते. पहिल्या दोन आठवड्यांत निम्मी वाक्ये चुकीच्या बाजूला पडलेली असतात, आणि वर्गात एकेक वाक्य उचलून ‘याची बाजू कोणती?’ असे विचारत बसणे, यापलीकडे चिंतनाचा दुसरा कोणताही धडा मी घेत नाही. तो पुरतो. उजवी बाजू मला दाखवायची की नाही, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. जवळजवळ सगळे दाखवतात, पण सक्ती केली असती तर तिथेही निबंधच आला असता.

संभाषण जिथे अडखळते अशा जागांना मायकेल एगार या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने ‘रिच पॉइंट’ म्हटले आहे. भाषा आणि संस्कृती वेगळ्या काढता येत नाहीत म्हणून या दोन्हींसाठी ‘लँग्वाकल्चर’ असा एकच शब्द वापरणारे ते हेच. समोरच्याचे बोलणे कळेनासे झाले की त्याच्यात काहीतरी उणे आहे असे आधी वाटते, हे त्यांनी नेमके टिपले आहे. माझ्या वर्गात रिच पॉइंटला ‘खड्डा’ म्हणतात, आणि मुंबईच्या मुलांना ते फोड करून सांगावे लागत नाही. ‘आज कुठे खड्डा लागला?’ एवढे विचारले की तास सुरू होतो.

एक खड्डा जवळून दाखवते. एका जोडीतला पलीकडचा विद्यार्थी भारतविद्येचा होता आणि मराठी शिकत होता. असे फार थोडे मिळतात, बहुतेकांना हिंदी हवी असते. चौथ्या भेटीच्या शेवटी माझी विद्यार्थिनी ‘बरं, येते मी’ म्हणाली आणि तिने कॉल बंद केला. दहा मिनिटांनी तिच्या फोनवर संदेश आला: ‘कॉम्स्ट डू नॉख?’ म्हणजे, अजून येणार आहेस ना? तो बिचारा पडद्यासमोर बसून होता. तिची पहिली नोंद दोन ओळींची होती: गैरसमज झाला, नंतर आम्ही दोघे खूप हसलो. मी शेजारी एवढेच लिहिले: ‘जाते’ का म्हणाली नाहीस? तिने घरी आजीला विचारले. आजी म्हणाली, ‘जातो म्हणू नये गं, येतो म्हणावं’. का, ते आजीने सांगितले नाही, कारण तिच्या दृष्टीने त्यात सांगण्यासारखे काही नव्हतेच. हे दुसऱ्या नोंदीत आले.

तिसऱ्या वेळी मी तिला त्याआधीच्या तिन्ही भेटींचे निरोप एकाखाली एक लिहायला सांगितले. डाव्या बाजूला तिन्ही वेळा त्याचे एकच वाक्य होते, ‘इश मुस लोस’, म्हणजे मला निघायला हवे. उजव्या बाजूला तिन्ही वेळा तिने वेगवेगळ्या शब्दांत एकच गोष्ट लिहिली होती: कंटाळला असावा, माझे जर्मन ऐकून वैतागला असावा, कसाबसा तास काढला असावा. हे तिने प्रथमच एकत्र पाहिले. त्याच्या वाक्यात त्याच्या भाषेपुरती कसलीही तुसडेपणाची छटा नव्हती. ‘येतो’ ऐकण्याची सवय असलेल्या तिच्या कानाला त्यात नुसते निघून जाणे ऐकू येत होते, आणि महिनाभर ती त्याच्याशी थोडी बिचकून बोलत होती. मग तिला ‘आउफ वीडरझेहेन’ आठवले. पहिल्याच तासाला ‘बाय’ म्हणून पाठ केलेल्या या शब्दात ‘पुन्हा पाहणे’ उघड्यावर बसलेले आहे. तिने जोडीदाराला विचारले, तर त्याला ते पुन्हा पाहणे आयुष्यात कधी ऐकू आले नव्हते, जसे तिला ‘येते’मधले परतणे. तिचा अंतिम लेख सव्वा पानाचा होता. त्यात ‘संस्कृती’ हा शब्द एकदाही आलेला नव्हता.

दुसरा खड्डा पुन्हा वेळेचाच, पण या वेळी भाषेतला. एका जोडीने नोव्हेंबरातल्या शनिवारी भेटायचे ठरवले आणि जर्मन मुलाने वेळ लिहिली ‘हाल्ब ड्राय’, शब्दशः ‘अर्धा तीन’. माझ्या विद्यार्थिनीने मराठी कानाने त्याचे साडेतीन केले, त्यात साडेचार तास मिळवले आणि ती रात्री आठला बसली. तो आपल्या सातपासून वाट पाहत होता, कारण हाल्ब ड्राय म्हणजे अडीच: तिसरा तास अर्धा झालेला. हे अगदी पहिल्या पातळीवर शिकवलेले असते. पण वर्गातल्या चित्रात ओळखता आलेले घड्याळ शनिवारी फोनवर ओळखता येईलच असे नाही. तिने नोंदीत लिहिले की जर्मन भाषेत वेळ उलटी सांगतात. ‘उलटी’ हा शब्द उजव्या बाजूचा आहे, म्हणून मी तिला आपल्या ‘अडीच’चे मूळ शोधायला सांगितले. अडीच आला आहे संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’ या शब्दावरून, म्हणजे ज्यातला तिसरा अर्धा आहे ते. ‘साडे’ मात्र ‘सार्ध’वरून, म्हणजे अर्ध्यासह. मराठीत दोन्ही हिशेब शेजारी शेजारी नांदतात आणि ‘अडीच वाजले’ म्हणताना आपण रोज हाल्ब ड्रायच म्हणत असतो. अशा वेळी त्या मुलीचा चेहरा पाहण्यासारखा असतो. परक्या भाषेचे वेडेवाकडे म्हणून जे बोटाने दाखवले, ते आपल्याच घरात निघाले.

खड्डा आपोआप लागेल याची वाट पाहायची नसेल, तर तो जाणूनबुजून खणताही येतो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये जिल्बेर्त फुर्स्टेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ‘कुल्तुरा’ हा प्रकल्प फ्रेंच आणि अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी सुरू केला. त्यातली कल्पना साधी आहे: दोन्ही गटांना आपापल्या भाषेत एकच प्रश्नावली द्यायची, कोणत्या शब्दावरून काय आठवते ते लिहायचे, अपुरी वाक्ये पुरी करायची, आणि मग दोन्हींची उत्तरे पडद्यावर समोरासमोर मांडायची. मी त्यातून एक वाक्य घेते: ‘चांगला शेजारी म्हणजे…’ एका वर्षी मराठी रकान्यात आले: हाक मारली की येणारा, ज्याच्याकडे घराची किल्ली ठेवता येते, वाटी परत करताना रिकामी न देणारा. जर्मन रकान्यात आले: जिन्यात भेटला की नमस्कार करणारा, आपले पार्सल घेऊन ठेवणारा, रात्री दहानंतर शांत राहणारा, रविवारी ड्रिल मशीन न लावणारा. माझ्या वर्गाने दोन मिनिटांत निकाल दिला की ते लोक कोरडे आहेत. मी तो फळ्याच्या उजव्या बाजूला लिहिला आणि जोडीदारांना विचारून यायला सांगितले. एका जोडीदाराने उत्तर दिले की वरच्या मजल्यावरची म्हातारी लवकर झोपते, म्हणून तो दहानंतर घरात मोजे घालून चालतो. हे शेजारपण नाही तर काय आहे?

पण त्या तासातले सर्वांत मोलाचे वाक्य जर्मनीतून आलेच नाही. ठाण्याच्या एका उंच टॉवरमध्ये राहणारी मुलगी म्हणाली, ‘मॅडम, माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये कोण राहतं ते मला माहीत नाही. मी लिहिलेला शेजारी आजीच्या गिरगावच्या चाळीतला आहे.’ मग एकेक जण कबूल करू लागला. वाटी परत करण्याचे लिहिणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या घरी वाटी येत नव्हती की जात नव्हती. आपण कसे आहोत म्हणून जे लिहिले, ते आपण कसे होतो म्हणून ऐकलेले होते. हे कबूल होईपर्यंत दोन रकान्यांची तुलना करण्यात काही अर्थ नसतो, कारण एका बाजूला आजचे शहर असते आणि दुसऱ्या बाजूला आजीची आठवण.

इथे मराठी आपल्याला एक हत्यार देते, ते वापरावे. आम्ही आणि आपण या दोन्हींसाठी जर्मनमध्ये ‘वीर’ हा एकच शब्द आहे; त्यात ऐकणारा आत आहे की बाहेर, ते कळत नाही. मराठीत ‘आम्ही’ त्याला बाहेर ठेवते आणि ‘आपण’ आत घेते. अंतिम लेखाच्या कच्च्या मसुद्यातल्या प्रत्येक ‘आम्ही’खाली मी रेघ ओढायला सांगते आणि त्यात नेमके कोण कोण येते, त्यांची नावे समासात लिहायला लावते. ‘आम्ही भारतीय पाहुण्यांना देव मानतो’ याच्या समासात आई, मी आणि क्वचित दादा एवढेच उरले, की वाक्य आपोआप खाली उतरते. ‘जर्मन लोक’ या शब्दांचेही तसेच: ज्याला आठ तास भेटलो त्याच्याबद्दल ‘माझा जोडीदार’ म्हणून लिहायचे.

चिंतन कोणत्या भाषेत लिहावे, हा प्रश्न तुम्ही विचारला नाही. पण तुमच्या चोवीस लेखांचे निम्मे दुखणे तिथेच असावे, असा माझा अंदाज आहे. ए-दोन, म्हणजे सुरुवातीच्या दुसऱ्या पातळीच्या विद्यार्थ्याला जर्मनमध्ये चिंतन लिहायला सांगितले, तर तो ‘एस वार झेअर इंटरेसांट’, म्हणजे ‘फार मनोरंजक होते’ असेच लिहिणार; तेवढीच वाक्ये त्याच्या हाताशी असतात आणि विचार हाताशी असलेल्या वाक्यांएवढाच होतो. कुल्तुरामध्ये दोन्ही गट चर्चाही आपापल्या भाषेत लिहीत असत, त्यामागे हेच कारण होते. अर्थात मुंबईत ‘आपली भाषा’ म्हणजे कोणती, याचे उत्तर सरळ नसते. माझ्या वर्गात घरी गुजराती, मालवणी, कोंकणी, हिंदी बोलणारी मुले असतात, आणि घरी मराठी बोलणारी पण इंग्रजी माध्यमातून आल्यामुळे मराठी परिच्छेद लिहिताना घाम फुटणारीही असतात. ज्या भाषेत भांडता येते त्या भाषेत लिहा, असे मी सांगते. मला वाचता येईल एवढी एकच अट.

इंग्रजीबद्दल मात्र वेगळे सांगायला हवे. मुंबई आणि जर्मनी यांच्यातल्या प्रत्येक संभाषणात इंग्रजी दाराबाहेर उभीच असते, आणि कोणीतरी दार उघडतेच. ‘आज इंग्रजीकडे पहिल्यांदा कोण वळले, कोणत्या शब्दावर, आणि त्यानंतर परत कोण आले?’ हा प्रश्न मी प्रत्येक नोंदीच्या तळाशी ठेवते, आणि आठ आठवड्यांच्या नोंदी ओळीने पाहिल्या की त्यातून दोघांमधले नाते दिसू लागते. दोघांनी एकमेकांना आपापली भाषा शिकवण्याच्या या पद्धतीला टँडम म्हणतात. तिची मुळे १९६३ मध्ये स्थापन झालेल्या फ्रेंच-जर्मन युवा कार्यालयाच्या तरुणांच्या देवाणघेवाणीत आहेत. नव्वदच्या दशकात जर्मनीतल्या बोखुमच्या विद्यापीठातून हेल्मुट ब्रामर्ट्स आणि सहकाऱ्यांनी तिला इंटरनेटवर आणले, तेव्हा तिचे दोन आधार सांगितले गेले: स्वायत्तता आणि परस्परता, म्हणजे आपले शिकणे आपण चालवायचे आणि जितके घ्यायचे तितके द्यायचे. फ्रेंच आणि जर्मन यांच्यात हे तोलून जाते. आपल्याकडे तराजू पहिल्या दिवसापासून झुकलेला असतो. आपल्या विद्यार्थ्याला जर्मन हवी असते ती पदव्युत्तर प्रवेशासाठी किंवा नोकरीसाठी. पलीकडच्याला हिंदी किंवा मराठी हवी असते ती आवडीपोटी. म्हणून आपला विद्यार्थी मराठीच्या अर्ध्या तासात जोडीदाराच्या चुका सुधारत नाही, ‘छान बोलतोस’ म्हणून वेळ मारून नेतो, आणि आपण भिडस्त आहोत अशी त्याची समजूत असते. पाहुणचार म्हणून केलेल्या या सवलतीमुळे जोडीदार उपाशीच राहतो. एका जर्मन मुलीने आठव्या आठवड्यात विचारले होते, ‘तू मला एकदाही चूक म्हणाला नाहीस, म्हणजे माझे मराठी बरोबर आहे की तू ऐकतच नव्हतास?’ त्या मुलाने हे वाक्य अंतिम लेखात जसेच्या तसे दिले आणि त्याखाली लिहिले: दोन्ही नाही. पुढे त्याला सुचेना. मी ते तसेच राहू दिले आणि चांगले गुण दिले.

आता कॅमेऱ्याची गोष्ट; ती मुंबईचीच आहे. लालबागच्या एका खोलीत पाच माणसांत राहणारी विद्यार्थिनी पहिले तीन आठवडे कॅमेरा बंद ठेवून बोलत होती आणि ‘नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे’ असे सांगत होती. जोडीदाराने त्यांच्या शिक्षिकेला कळवले की हिला या उपक्रमात रस दिसत नाही. मागे टीव्ही, कुकरच्या शिट्ट्या, पलंगावर आजोबा. कॅमेरा लावला की सगळे घर पडद्यावर येते, आणि समोरच्या पडद्यावर एक मुलगा, एक खुर्ची आणि पांढरी भिंत. चौथ्या आठवड्यापासून ती मैत्रिणीच्या सोसायटीतल्या जिन्यात बसून बोलू लागली. अंतिम लेखात तिने यातले काहीही लिहिले नाही, आणि मी मागितलेही नाही. हे मला तिने नंतर तोंडी सांगितले. चिंतनलेखनाच्या उत्साहात शिक्षक कधीकधी मुलांची घरे उघडी करायला लागतात, हे मी पाहिले आहे. मागायचेच असेल तर उपक्रम सुरू होण्यापूर्वी प्रत्येकाला खाजगीत विचारावे की बोलायला जागा आहे का, आणि नसेल तर महाविद्यालयात एखादी खोली संध्याकाळी उघडी ठेवावी. भेटींचे ध्वनिमुद्रण करायचे असल्यास दोघांची लेखी परवानगी घ्यावी. युरोपीय संघाचा व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा नियम मे २०१८ पासून लागू आहे, आणि परवानगीवाचून केलेले मुद्रण तुमच्या तिकडच्या सहकाऱ्याला अडचणीत आणू शकते.

जमलेच नाही, अशा जोड्याही असतात. तिसऱ्या आठवड्यानंतर जोडीदार गप्प झाला, संदेशांना उत्तर नाही, संपले. हे विद्यार्थी सर्वांत गोड लेख लिहितात, कारण आपण नापास झालो असे त्यांना वाटते. रॉबर्ट ओ’डाउड आणि मार्कुस रिटर या संशोधकांनी २००६ मध्ये अशा फसलेल्या ऑनलाइन संवादांची कारणे चार थरांत मांडली: व्यक्तीचा थर, वर्गाचा, संस्था आणि समाजाचा, आणि प्रत्यक्ष संभाषणाचा. मला त्याचा उपयोग होतो तो एवढ्यासाठी, की विद्यार्थी एकतर स्वतःला दोष देतो किंवा जोडीदाराला, आणि मधले थर त्याला दिसत नाहीत. एका वर्षी आमच्याकडे या उपक्रमाला गुण होते, तिकडे तो ऐच्छिक होता. त्यांच्या परीक्षा जवळ आल्या तसे ते गळत गेले. हे कळल्यावर एका मुलाने लिहिले की तो पाच आठवडे स्वतःच्या उच्चारांना दोष देत होता. त्याचा लेख त्या वर्षीचा सर्वोत्तम होता. तो ज्याच्याबद्दल होता ती व्यक्ती त्यात शेवटपर्यंत आलीच नाही.

गुणांबद्दल. भाषाशिक्षणाचे अभ्यासक मायकेल बायराम यांनी १९९७ मध्ये आंतरसांस्कृतिक क्षमतेचे पाच भाग सांगितले: ज्ञान, जिज्ञासू वृत्ती, अर्थ लावून जोडून पाहण्याचे कौशल्य, प्रत्यक्ष संवादातून शोध घेण्याचे कौशल्य, आणि स्वतःच्या संस्कृतीकडेही चिकित्सेने पाहण्याची जाण. गुण देण्याचे तक्ते यावरूनच बनतात, आणि तुमच्या विभागाला तक्ता हवा असेल तर जरूर बनवा. पण वृत्तीला गुण देऊ नका. वृत्तीला गुण आहेत हे कळले की विद्यार्थी वृत्ती दाखवू लागतात, आणि ‘माझा दृष्टिकोन पूर्णपणे बदलला’ असे लिहिणाऱ्याला प्रामाणिकपणे ‘मला तो आवडला नाही’ लिहिणाऱ्यापेक्षा जास्त मिळतात. मी वीसपैकी आठ गुण डाव्या बाजूला देते: प्रसंग नेमका आहे का, शब्द आणि वेळ दिली आहे का. सहा गुण परत जाऊन विचारल्याला, मग तो जोडीदार असो, आजी असो की शब्दकोश. उरलेले सहा पहिल्या नोंदीत आणि शेवटच्या लेखात काय बदलले ते दाखवल्याला. काहीच बदलले नसेल तर का, ते सांगितले तरी पूर्ण सहा. चॅटजीपीटीने लिहिलेला लेख ओळखण्याची कटकटही यामुळे बरीचशी मिटते. यंत्राला गुळगुळीत चिंतन सुरेख जमते, पण मंगळवारच्या रात्री दुमडलेल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेली आणि चहाचा डाग पडलेली नोंद त्याच्याकडे नसते.

तुमच्या या तुकडीचे आठ आठवडे संपून गेले आहेत आणि नोंदी कोणी ठेवलेल्या नाहीत, हे खरे. पण त्यांचे संदेश फोनमध्ये आहेत. एक तास घ्या, प्रत्येकाला जोडीदाराबरोबरचा संवाद अगदी सुरुवातीपासून वर-खाली करायला सांगा, आणि ज्या संदेशानंतर दोन दिवसांपेक्षा जास्त शांतता होती, किंवा ज्याचे उत्तर म्हणून कोणी नुसते हसणारे चिन्ह पाठवले, असा एक संदेश शोधायला सांगा. सगळ्यांना सापडतो. तो डाव्या बाजूला जसाच्या तसा उतरवायचा, तारीख-वेळेसह, जोडीदाराचे नाव बदलून. त्या वेळी काय वाटले ते उजवीकडे. मग जोडीदाराला आता विचारायचे की तेव्हा तुला काय म्हणायचे होते. महिना उलटल्यावर बहुतेक जण आनंदाने उत्तर देतात. आधीचे चोवीस लेख परत देऊ नका आणि खोडूनही काढू नका. नव्या लेखाला तेच जोडून घ्या आणि विद्यार्थ्यांनाच त्यातली वाक्ये डावी-उजवी करू द्या.